खिळ्यावरच्या रिंगा

एर्सिरा रेमोल्कोय कमी बोलते.
पिस्टन उलटा धरून तिनं नवी रिंग
सिलिंडरमध्ये सरळ खाली सरकवली
आणि म्हणाली, "बघ."

बघण्यासारखं काही नव्हतं.
ओतीव लोखंडाचं एक कडं,
आणि ते जिथं जुळता जुळता राहिलं
तिथं उजेडाची उभी रेघ.

"किती?"
मी फिलर गेजची पाती चाळली.
पंचविसाचं गेलं. तिसाचं अडलं.
"चाळीस हवंय. मिलिमीटरचे शंभर भाग कर, त्यातले चाळीस.
तुझ्या डोक्याचे पाच-सहा केस,
तेही धुतलेले."

अचाओच्या धक्क्यामागं तिची शेड,
लाकडाची शेगडी, शेगडीवर कायम किटली.
बाहेर ओहोटीच्या चिखलात कलंडलेली
बाउदिलिओमामाची लाँच. तिचं नाव 'हट्टी'.
इंजिन मात्र इथं बाकावर,
दोन वर्षं निळा धूर ओकून दमलेलं.

"कानस एकाच दिशेनं. बाहेरून आत.
परत येताना उचलायची.
उलटी ओढलीस तर कडेचा मुलामा उडेल."

मी विचारलं, फट ठेवायचीच कशाला?
पुरतं जुळलेलं बरं नाही का?

"तापलं की लोखंड वाढतं.
जागा नसेल तर टोकं भिडतात.
भिडली की मागं सरत नाहीत, मोडतात,
आणि मोडताना सिलिंडरवर नखं ओढून जातात."

मला घरचं काहीतरी आठवलं.
मी तोंड उघडलं.
"मी रिंगेबद्दल बोलतेय," ती म्हणाली. "घास."

पहिली बसली. दुसरी बसली.
तिसरीच्या वेळी मामा दारातून ओरडला,
भरती येतेय, अजून किती वेळ,
आणि माझा हात दोनदा जास्त गेला.
दोनदाच.
साठाचं पातं आत गेलं
उघड्या दारातून मांजर जावं तसं.

ती रागावली नाही. ते बरं झालं असतं.
"कानशीला फक्त काढून घेता येतं," एवढंच म्हणाली,
आणि मला दाराच्या मागं नेलं.
तिथं एक लांब खिळा, खिळ्यावर रिंगा.
एकतीस. प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली.
ही नोल्बेर्तोची, तो आता फेरी चालवतो.
ही पाद्र्याची, त्याला सगळंच यायचं.
अगदी आतली, गंजून तपकिरी झालेली,
"माझी. एकाहत्तर साल. बाबांचं इंजिन.
ईस्टरपर्यंत बोलले नाहीत ते."

एकटी रिंग कुणी विकत नाही.
अख्खा संच, पुएर्तो मोंतहून, गुरुवारच्या बोटीनं.
मामा तेवढे दिवस दुसऱ्याच्या लाँचवर
हाताखालचा माणूस म्हणून मासे ओढायला गेला.
पैसे मी भरले: बटाट्याची पाच पोती.

दुसऱ्यांदा मी मोजून घासलं.
तीन वेळा. धुतलं, पुसलं, आत सरकवलं, पातं घातलं.
पुन्हा एकदा. पुन्हा तेच सगळं.
पुन्हा अर्धं.
किटली दोनदा आटली.
मग चाळिसाचं पातं असं गेलं
की ओल्या कापडातून सुई निघावी,
अडत नाही, पण कळवून जाते.

पिस्टनवर चढवताना तिन्ही फटी
एका रेषेत येऊ द्यायच्या नाहीत,
नाहीतर दाबाला आयती वाट.
एकीचं तोंड चर्चकडे,
एकीचं खाडीकडे,
एकीचं, ती म्हणाली, जिकडं मामा नाही तिकडं.

आता पहाटेचे पाच, आम्ही बेटाबाहेर.
इंजिन साध्या आवाजात चालतंय.
झाकणावर तळहात ठेवला, तर ठेववत नाही.
आत ती रेघ बारीक होत असेल.
किती उरली ते बघायला
चालू इंजिनात पातं घालता येत नाही.

"तापलं?" मामानं विचारलं,
नऊ दिवसांतला पहिला शब्द.
"तापलं."

बत्तिसाव्या चिठ्ठीवर माझं नाव
एर्सिरानं माझ्याकडूनच लिहून घेतलं.
आडनावासकट. वाचता येईल असं.